जर्मनीत नऊ महिने काम, पगार नाशिकात: व्हिसा कुठला आणि कर कुणाला?

सातपूर_शिफ्ट
नमस्कार मंडळी. इथे अंबड-सातपूरच्या कंपन्यांतले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. मी अंबडच्या एका कंपनीत कंट्रोल्सला आहे. जर्मनीतल्या आमच्या मूळ कंपनीची एक असेंब्ली लाईन खोलून सिन्नरला आणायची आहे. त्याआधी तिथे राहून ती चालवायची, पीएलसीचे (लाईन चालवणाऱ्या कंट्रोलरचे) प्रोग्राम समजून घ्यायचे आणि एकेका स्टेशनला नंबर टाकून पॅकिंग करून घ्यायचं. १ ऑक्टोबरला तिकडे हजर व्हायचं, ३० जूनला परत. पगार इथल्याच पेरोलवर, इथल्याच खात्यात. तिकडे कंपनीचं अपार्टमेंट आणि रोजचा भत्ता युरोत.

एचआर म्हणतं, "आधी बिझनेस व्हिसावर जा, मग तिकडे वाढवून घेऊ." कराचं विचारलं तर, "१८३ दिवसांच्या आत बसवलंय, जर्मनीत काही लागत नाही." नऊ महिने १८३ दिवसांत कसे बसवले ते मात्र कुणी सांगत नाही. घरी आई, बायको, दुसरीतली मुलगी. इंदिरानगरला फ्लॅट, त्याचा हप्ता चालू. अशा डेप्युटेशनवर कुणी जाऊन आलंय का?

गंगापूररोडी
आधी व्हिसाचं बोलू, कारण तिथे एचआर सरळसरळ चुकतंय. बिझनेसचा शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) व्हिसा म्हणजे कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. ही १८० दिवसांची खिडकी रोज पुढे सरकते, त्यामुळे "एक जानेवारीला मीटर शून्य" असं काही नसतं. आणि जर्मनीत उतरल्यावर त्याचा वर्क परमिट करून घेऊ, हे विसराच.

तुमच्यासारख्यांसाठी आयसीटी कार्ड असतं: एकाच समूहातल्या कंपनीतून तिकडे बदलीवर जाणाऱ्यांचं. त्याचा अर्ज युरोपियन युनियनच्या बाहेर असतानाच करावा लागतो, म्हणजे इथूनच. मॅनेजर किंवा स्पेशालिस्ट असाल तर तीन वर्षांपर्यंत, ट्रेनीला एक वर्ष. समूहात किमान सहा महिने सलग नोकरी झालेली हवी. पगार आणि बाकीच्या अटी तिथल्या तशाच कामाच्या माणसापेक्षा कमी चालत नाहीत, म्हणून नाशिकचा पगार तसाच दाखवला तर अर्ज अडकतो. पत्रात भत्ते आणि घराचा खर्च कसे मांडलेत ते सही करण्याआधी वाचा.

दुसरी गोष्ट. दिवस मोजण्याआधी हाताने काय करणार ते बघा. मीटिंगा, वाटाघाटी, करार, प्रदर्शन हे बिझनेस व्हिसात बसतं. लाईन चालवणं, प्रोग्राम बदलणं म्हणजे काम. ते पहिल्या दिवशीही कामच आणि नव्वदाव्या दिवशीही कामच.

बायोमेट्रिकला बहुधा मुंबई गाठावी लागेल. पंचवटी एक्सप्रेसने जाणार असाल तर दुपारची वेळ घ्या.

ताळेबंद
मी सीए आहे, कॉलेज रोडला बसतो. तुमच्या एचआरने नऊ महिने १८३ मध्ये कसे "बसवले" ते सांगतो, कारण त्यात थोडी हुशारी आहे आणि थोडा धोका.

दुहेरी कर टाळण्याच्या भारत-जर्मनी करारातल्या कलम १५ मध्ये १८३ दिवस मोजतात ते त्या देशाच्या आर्थिक वर्षात. जर्मनीचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. तुमचे ऑक्टोबर ते डिसेंबर झाले ९२ दिवस. जानेवारी ते जून झाले १८१. म्हणजे तुम्ही २७३ दिवस तिकडे राहताय, पण एकाही वर्षात १८३ ओलांडत नाही. तारखा १ ऑक्टोबर आणि ३० जून अशा नेमक्या का आल्या ते आता कळलं असेल. कुणीतरी बसून काढल्यात. मोजताना शनिवार-रविवार, सुट्ट्या, उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवस सगळे धरतात. म्हणजे जूनअखेर विमान चुकून चार दिवस पुढे गेलं की गणित मोडलं.

आता धोका. जर्मनीतला कर टळायला त्या कलमात तीन अटी आहेत आणि तिन्ही एकदम पाळाव्या लागतात. १८३ ही फक्त पहिली. दुसरी अशी की पगार देणारा मालक जर्मनीचा रहिवासी नसावा आणि त्याच्या वतीनेही कुणी जर्मन पगार देत नसावा. तिसरी, तो पगार त्या मालकाच्या जर्मनीतल्या कायमस्वरूपी आस्थापनेच्या (शाखा, कचेरी वगैरे) माथी मारलेला नसावा. लोक पहिली अट पाठ करतात आणि उरलेल्या दोन कुणी विचारतच नाही.

त्यामुळे माझा तुम्हाला एकच प्रश्न: तुमच्या नऊ महिन्यांच्या पगाराचा भार शेवटी कुणाच्या वहीत पडणार? एचआरला विचारू नका, त्यांना माहीत नसतं. फायनान्सला विचारा.

पाथर्डी_फाटा
ताळेबंद यांच्याशी १००% सहमत, आणि मी एचआरमध्येच आहे 😄. आम्हाला खरंच माहीत नसतं. आमच्याकडे पत्र एचआर काढतं, तिकीट ॲडमिन काढतं, आणि महिन्याच्या शेवटी फायनान्स तिकडच्या कंपनीला डेबिट नोट (खर्चवसुलीचं बिल) पाठवतं. तिघे एकमेकांशी बोलत नाहीत. डेबिट नोटवर "इंजिनिअरिंग सपोर्ट" असं गोड नाव असतं, आत उघडून पाहिलं तर पगार, पीएफ आणि वर ठरावीक टक्के. धागाकर्त्यांनी फायनान्समधल्या कुणाला तरी चहाला न्यावं.

दिंडोरी_नाका
एवढं काय घाबरवताय राव त्यांना. आमच्या कंपनीतून कितीतरी जण बिझनेस व्हिसावर जाऊन काम करून आले. कुणी विचारलं नाही, काही नाही. नव्वद दिवस झाले की परत यायचं, पुन्हा जायचं.

गंगापूररोडी
@दिंडोरी_नाका, "परत यायचं, पुन्हा जायचं" म्हणूनच सरकत्या खिडकीचं आधी लिहिलं. सलग नव्वद दिवस काढून आलात की पुढचे नव्वद दिवस पाय ठेवता येत नाही. पूर्वी पासपोर्टवरचे शिक्के कुणी नीट मोजत नव्हतं, हे मान्य. पण १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात ईईएस सुरू झालंय. बोटांचे ठसे आणि चेहरा घेऊन येणं-जाणं संगणकात नोंदवतात आणि दिवस तोच मोजतो. शिक्का पुसट होता ही सबब आता चालत नाही.

अंबडचा_कमिशनिंगवाला
मी मशीन बनवणाऱ्या कंपनीत आहे, आमची मशिन्स अमेरिकेत जातात. तिकडचा नियम थोडा वेगळा आहे, म्हणून लिहितो. आपण विकलेलं मशीन बसवायला, दुरुस्त करायला किंवा तिथल्या माणसांना ते शिकवायला बी-१ वर (तिकडच्या बिझनेस व्हिसावर) जाता येतं, पण विक्रीच्या करारातच ते लिहिलेलं हवं आणि पगार भारतातूनच. बांधकामाच्या कामाला हात लावायचा नाही. मी जातो तेव्हा पर्चेस ऑर्डरची प्रत आणि त्यातलं इन्स्टॉलेशनचं कलम हायलाइट करून हातातल्या फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवतो. इमिग्रेशनवाला "कशाला आलास" विचारतो तेव्हा तोंडाने फार बोलायचं नाही, कागद पुढे करायचा.

"कुणी विचारत नाही" म्हणणाऱ्यांसाठी: सप्टेंबर २०२५ मध्ये जॉर्जिया राज्यात ह्युंदाई आणि एलजीच्या बॅटरी कारखान्याच्या साइटवर धाड पडली. ४७५ लोक ताब्यात घेतले, त्यात तीनशेहून जास्त कोरियन. बरेचसे मशिनरी बसवायला आलेले तंत्रज्ञ. बेड्या घातलेले फोटो जगभर गेले. म्हणजे विचारतात.

सातपूर_शिफ्ट
सगळ्यांचे आभार. फायनान्सच्या एकाला चहाला नेलं 🙂. पाथर्डी_फाटा यांनी लिहिलं तसंच आहे. दर महिन्याला जर्मनीला डेबिट नोट जाणार, माझा पूर्ण पगार अधिक मार्जिन. शिवाय तिकडे मी रोज कुणाला रिपोर्ट करणार तर तिथल्या प्रॉडक्शन हेडला. रजाही तोच मंजूर करणार. मग आता?

ताळेबंद
मग १८३ चं गणित कपाटात ठेवून द्या.

जर्मनी कागदावरचा मालक बघून थांबत नाही. पगाराचा भार कोण उचलतंय आणि माणूस कुणाच्या हाताखाली, कुणाच्या कामात मिसळलेला आहे हे बघते. याला आर्थिक मालक म्हणतात. तुमच्या बाबतीत दोन्ही उत्तरं "जर्मन कंपनी" अशी येतात. म्हणजे दुसरी अट मोडली आणि जर्मनीला तिथल्या कामाच्या पगारावर पहिल्या दिवसापासून कर लावता येतो. १८४ व्या दिवसापासून नाही, पहिल्या. तो कर कापून भरण्याची जबाबदारी तिथल्या कंपनीवर येते, जरी पगार तुमच्या नाशिकच्या खात्यात पडत असला तरी.

आता भारत. एप्रिल ते सप्टेंबर तुम्ही इथे, म्हणजे १८३ दिवस. १८२ झाले की रहिवासी. पुढच्या वर्षी जुलै ते मार्च इथे, पुन्हा रहिवासी. दोन्ही वर्षं तुम्ही सामान्य रहिवासी, म्हणून जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र. इथला टीडीएस चालूच राहणार आणि तिथेही कापणार. एकाच पगारावर दोन कात्र्या.

कायमचं नुकसान होत नाही. जर्मनीत भरलेल्या कराचं क्रेडिट इथल्या विवरणपत्रात मिळतं, दोन्हीपैकी जो कर कमी तेवढं. पण त्यासाठी १९६१ च्या कायद्यात फॉर्म ६७ होता, तो विवरणपत्रासोबत ऑनलाइन भरावा लागे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला, "मागील वर्ष" जाऊन "कर वर्ष" आलं, कलमं आणि फॉर्म यांचे नंबर बदलले. तेव्हा यूट्यूबवरचा जुना व्हिडिओ बघून नंबर शोधू नका, पोर्टलवर परदेशी कराच्या क्रेडिटचा फॉर्म नावाने शोधा.

खरी डोकेदुखी रोकडीची आणि वेळेची. तिकडचं वर्ष डिसेंबरला संपतं, आपलं मार्चला. तुमचा एकच मुक्काम जर्मनीच्या दोन वर्षांत आणि आपल्याही दोन वर्षांत तुटतो, आणि तुटण्याच्या जागा वेगळ्या. जानेवारी ते मार्चचा पगार आपल्याकडे पहिल्या वर्षात, त्यांच्याकडे दुसऱ्या. म्हणून तिथल्या पेरोलकडून वार्षिक दाखला तर घ्याच, पण दर महिन्याची पगारपट्टीही घ्या. एकदा परत आलात की मेलला उत्तर यायला महिने लागतात. हप्ता चालू आहे म्हणालात. दोन्हीकडे कापून हातात किती पडेल ते आधी मांडा आणि कंपनीकडून टॅक्स इक्वलायझेशन लेखी घ्या. म्हणजे इथे राहिला असतात तर जेवढा कर लागला असता तेवढाच तुमचा, वरचा कंपनीचा. "बघून घेऊ" हे तोंडी आश्वासन पुढच्या अप्रेझलपर्यंतही टिकत नाही. आणि लक्षात ठेवा, कंपनीने तुमच्या वतीने भरलेला करही तुमचं उत्पन्न म्हणूनच धरला जातो, तेव्हा पत्रात त्याचाही हिशेब असू द्या.

भत्त्याबद्दल: कामानिमित्त दौऱ्यावर असताना रोजच्या खर्चासाठी मिळालेला भत्ता खर्च झाला तेवढा करमुक्त, नव्या करप्रणालीतही. उरवलात तो पगार. पण नऊ महिने एकाच गावी, एकाच कारखान्यात असाल तर तो दौरा की बदली, यावर अधिकारी वाद घालू शकतो. मी अशिलांना सांगतो, किराण्याच्या पावत्यांचे फोटो काढून ठेवा. कंटाळवाणं आहे.

निफाडची_लेक
पीएफचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. जर्मनीबरोबर आपला सामाजिक सुरक्षा करार आहे, १ मे २०१७ पासून लागू. इथला पीएफ चालू ठेवून ४८ महिन्यांपर्यंत तिथल्या पेन्शन फंडातून सूट मिळते, पण त्यासाठी ईपीएफओकडून सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज काढायचं. अर्ज ऑनलाइन, कंपनीमार्फत. ते जाण्याआधीच हातात हवं. नाहीतर तिथे पगाराच्या ९.३% पेन्शनमध्ये जातात आणि तेवढेच कंपनीचे. माझ्या नवऱ्याच्या वेळी कंपनीने हे तिकिटाच्या दिवसापर्यंत ओढलं होतं.

तब्येतीचा विमा मात्र स्वतंत्र बघा. शेंगेनसाठीची ३०,००० युरोची प्रवास पॉलिसी नऊ महिन्यांच्या मुक्कामाला पुरत नाही.

अवांतर: हीच सोय अमेरिकेला नाही. त्यांच्याशी असा करारच नाही.

ओझरकर
आमच्या भावकीतला पोरगा फिटर म्हणून दुबईला निघालाय, वर्षभराच्या कामावर. तिकडे कर नाही म्हणतात, मग इकडे काही भरायचं का? आणि त्याच्या पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी हवी असा शेरा) छापलंय.

ताळेबंद
दुबईत पगारावर वैयक्तिक आयकर नाही, बरोबर. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला इथे १८२ दिवसांची मर्यादा आहे. त्या आर्थिक वर्षात तो भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला की अनिवासी, आणि तिथला पगार इथे करपात्र नाही. म्हणून सप्टेंबर संपायच्या आधी निघणं आणि ऑक्टोबरात निघणं यात फरक पडतो. ३० सप्टेंबरला निघाला तरी १८२ भरून जातात आणि तो रहिवासीच ठरतो, तेव्हा तिकीट थोडं आधीचं काढा. पगार आधी तिथल्या खात्यात घ्यायला सांगा, मग घरी पाठवू दे. अनिवासी असला तरी पगार थेट नाशिकच्या खात्यात पडला तर "भारतात मिळालेलं उत्पन्न" असा मुद्दा निघतो. आणि इथलं बचत खातं एनआरओ (अनिवासीचं खातं) करून घ्यायचं, तो रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आयकराचा नाही.

गंगापूररोडी
@ओझरकर, पोरगा दहावी पास आहे का? असेल तर ईसीआरचा शिक्का काढून टाकता येतो, मार्कशीट जोडून पासपोर्ट पुन्हा काढायचा. दहावी नसेल तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून मंजुरी घेऊनच जाऊ दे, आखातातले देश मंजुरी लागणाऱ्यांच्या यादीत आहेत. एजंट "व्हिजिटवर पाठवतो, तिकडे बदलून देतो" म्हणाला तर त्याला नमस्कार करा.

ओझरकर
दहावी पास आहे, आयटीआय पण झालाय. पासपोर्ट काढताना मार्कशीट दिलीच नव्हती. उद्याच बघतो. धन्यवाद.

कॅनडा_कॉर्नर
माझी बायको ॲमस्टरडॅमला आहे. मी टुरिस्ट व्हिसावर महिनाभर जाऊन तिथून लॅपटॉपवर माझं नाशिकचं ऑफिस केलं तर? क्लायंट इथलाच, पगार इथलाच. (कॅनडा कॉर्नर म्हणजे आपला शरणपूर रोडचा, गैरसमज नको.)

गंगापूररोडी
टुरिस्ट व्हिसा कामासाठी नसतो, लॅपटॉप असला तरी. एखाद-दुसरी मेल कुणी बघत नाही, पण रोज आठ तास म्हणजे काम. आणि कंपनीला न सांगता तर मुळीच नको. डेटा कुठून उघडला हे आयटीला दिसतं.

पाथर्डी_फाटा
उलट्या दिशेचंही एक सांगते, कारण धागाकर्त्यांची लाईन सिन्नरला आली की तिकडून माणसं येणारच. जर्मन इंजिनिअर मीटिंगला आला तर बिझनेस व्हिसा पुरतो. इथे राहून नोकरीच करणार असेल तर एम्प्लॉयमेंट व्हिसा, आणि त्याला वार्षिक १६.२५ लाखांच्या पगाराची किमान अट. मुक्काम १८० दिवसांच्या पुढचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी. हॉटेलने २४ तासांत परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाचा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) भरायचा असतो. कंपनीच्या फ्लॅटवर ठेवलं की तो कुणी भरायचा यावरून गोंधळ होतो. एका पाहुण्याच्या वेळी आम्हाला परत निघतानाच आठवलं होतं. ॲडमिनला आत्ताच सांगून ठेवा.

सातपूर_शिफ्ट
अपडेट. एचआर, फायनान्स आणि तिकडचे पेरोलवाले अशी एकत्र मीटिंग लावून घेतली. आयसीटीचा अर्ज करायचं ठरलं, बिझनेस व्हिसा रद्द. कव्हरेज सर्टिफिकेटचं काम सुरू झालं. इक्वलायझेशनचं पत्र "विचाराधीन" आहे, ते आल्याशिवाय तिकीट घेणार नाही असं मेलवर लिहिलं.

शेवटचा प्रश्न ताळेबंद सरांना. बायको म्हणते, नऊ महिने एकट्याने कशाला, आम्हीही येतो. आयसीटीवाल्याच्या जोडीदाराला व्हिसाही मिळतो आणि कामही करता येतं म्हणे. कराच्या दृष्टीने काही फरक?

ताळेबंद
पडतो, आणि बरं झालं विचारलंत. जर्मनीच्या कायद्याने सलग सहा महिन्यांहून जास्त राहणारा तिथला रहिवासी होतो, मधे दिवाळीला आठवडाभर घरी येऊन गेलात तरी मोजणी तुटत नाही. म्हणजे तुम्ही एकाच वेळी दोन्ही देशांचे रहिवासी. तेव्हा करारातलं कलम ४ कामी येतं: कायमचं घर कुठे, आणि दोन्हीकडे असेल तर जिव्हाळ्याचे व आर्थिक संबंध कुठे जास्त घट्ट. आज तुमचं उत्तर सोपं आहे. फ्लॅट, हप्ता, आई, बायको, मुलीची शाळा, सगळं नाशिकला. तुम्ही भारताचे रहिवासी ठरता आणि जर्मनी फक्त तिथल्या कामाचा पगार बघते, तुमच्या इथल्या एफडीचं व्याज किंवा शेअर्स नाही.

फ्लॅट भाड्याने दिलात, मुलीचा दाखला काढून तिकडच्या शाळेत घातलंत, सगळं कुटुंब हललं, तर हाच युक्तिवाद कमजोर होतो. येऊ नका असं मी म्हणत नाही. शाळा इथेच ठेवून एप्रिल-मेच्या सुट्टीत बायको आणि मुलगी व्हिजिटर म्हणून आल्या तर काही बिघडत नाही. फ्लॅट भाड्याने देऊ नका, आईंचं तिथे राहणंच आहे. आणि आयकर विभागाकडून रहिवासी असल्याचा दाखला, टीआरसी, दोन्ही वर्षांचा काढा.

तिथे बँक खातं उघडाल तर ते इथल्या विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचं, शिल्लक शंभर युरो असली तरी. तो तक्ता जानेवारी ते डिसेंबरप्रमाणे भरतात, बाकी विवरणपत्र एप्रिल ते मार्च. परत येताना खातं बंद केलंत तरी त्या वर्षी दाखवावंच लागतं. बंद केल्याचं बँकेचं पत्र मागून घ्या.

सातपूर_शिफ्ट
समजलं सर. मुलीची शाळा इथेच, त्या दोघी मे महिन्यात येतील. टीआरसीसाठी पुढच्या आठवड्यात ऑफिसला येतो, पासपोर्टची झेरॉक्स आणि पत्राचा मसुदा घेऊन.